जिंकलेली बाई

ऑफिसातलं हजेरीचं यंत्र मला ओळखेनासं झालं, त्या दिवशी पहिल्यांदा मला माझ्या हातांची लाज वाटली.

आमच्याकडे सकाळी आत शिरलं की भिंतीवरच्या डबीवर बोट टेकवायचं. हिरवा दिवा लागला की केंद्र सरकार मान्य करतं, मीनाक्षी पद्माकर दिघे आज कामावर आली. त्या दिवशी लाल दिवा लागला. अंगठा लावला, लाल. डावा हात लावला, तरी लाल. मागे रांग वाढत चालली. "मॅडम, जरा हाथ पोंछ के लगाइए," गार्ड म्हणाला. मी ओढणीला बोटं पुसली तर ओढणीवर कातडीचे पापुद्रे. मागच्यानं ते पाहिलं आणि अर्धं पाऊल मागे सरकला. मी सेक्शन ऑफिसर आहे, माझ्या आवाजाला सेक्शन टरकून असतं, आणि मी तिथे हात ओढणीत लपवून उभी होते, शाळेत नखं वाढलेली सापडल्यासारखी. बोटांवरच्या रेषाच गेल्या होत्या. नंतर मोबाइलवर चेहरा दाखवून हजेरी लावायची सोय निघाली, तो प्रश्न मिटला. ऑफिसात मी सांगितलं, स्किन ॲलर्जी आहे.

ॲलर्जी कसली डोंबलाची. गोळ्या होत्या. कॅन्सरच्या.

माझा कॅन्सर परत आला होता. सहा वर्षांपूर्वी उजवा स्तन काढला, केमो झाली, रेडिएशनचे शेक झाले, केस गेले, केस आले, सगळं रीतसर पार पडलं. या वर्षी उन्हाळ्यात कंबर दुखायला लागली. मी म्हटलं, दिवसभर बसून फाइली बघते, कंबर दुखणार नाही तर काय होणार. बाम लावला. बामानं बरी होणारी कंबर नव्हती ती. स्कॅनमध्ये हाडात निघालं आणि यकृतातही दोन ठिकाणी. डॉक्टर तरुण आहेत, गोड बोलतात. म्हणाले, "अब इसको हम मैनेज करेंगे, आंटी." मी सरकारी नोकरीत जन्म घालवलाय, मला हा शब्द कळतो. फाइल आता बंद होणार नाही, एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहील.

तेव्हा भीती वाटली, नाही कसं म्हणू? पण भीतीच्या आधी लाज वाटली. बोर्डात आलेल्या मुलीच्या घरी पेढे वाटून झाल्यावर कळावं की गुणपत्रिका दुसऱ्याच कुणाची होती, तसं काहीतरी. डॉक्टरांच्या केबिनमधून बाहेर आल्यावर मी यांना पहिलं वाक्य बोलले ते हे, "मंडळात कुणाला कळता कामा नये."

कारण मंडळात मी जिंकलेली बाई होते.

दिल्लीतल्या मराठी माणसाला सत्काराची भारी हौस. कुणाचा मुलगा आयआयटीत लागला, सत्कार. कुणी सचिव म्हणून निवृत्त झालं, सत्कार. मग कॅन्सरमधून उठलेल्या बाईचा का नको? माझी ट्रीटमेंट संपली त्या वर्षी गणपतीत मंडळानं मला स्टेजवर बोलावून शाल आणि नारळ दिला. मी भाषण ठोकलं. म्हटलं, मी रडत बसले नाही, केमोच्या काळातही ऑफिसला जात राहिले, मन खंबीर असलं की शरीर मुकाट ऐकतं. त्यात खोटं एकही वाक्य नव्हतं, फक्त काही वाक्यं नव्हती. टाळ्या थांबेचनात. तेव्हापासून एनसीआरमधल्या कुठल्याही मराठी बाईला गाठ निघाली की हेमांगी, आमच्या मंडळाची सेक्रेटरी, तिला माझा नंबर देते. "आमच्या मीनाक्षीताईंशी बोला, त्यांनी हरवलंय त्याला." मला हे आवडायचं. उगाच कशाला नाही म्हणू, फार आवडायचं.

तर आता तोंड कुठे दाखवणार? मी मुलाला, निहारला, पुण्याला फोनवर अर्धंच सांगितलं. यांना दम भरला. पद्माकर दिघे रेल्वे बोर्डातून निवृत्त झालेत, आयुष्यात धड खोटं बोलता आलेलं नाही. मला थकवा येऊन मी आडवी असले आणि कुणाचा फोन आला की हे म्हणायचे, "ती बाथरूममध्ये आहे." दर वेळी तेच. हेमांगीला वाटलं असेल, मीनाक्षीताई न्हाणीघरातच राहायला गेल्या.

सगळ्यात जास्त तोंड चुकवत होते ते मयुराला. आणि तिलाच चुकवता येत नव्हतं.

मयुरा पुण्याची, गुडगावला एका सॉफ्टवेअर कंपनीत, राजेंद्र नगरला भाड्यानं राहते. पस्तिशीही उलटलेली नाही. नवरा शार्दूल कामानिमित्त अर्धा महिना बेंगळुरूला. तिला होळीच्या सुमारास कॅन्सर निघाला. हेमांगीनं नेहमीप्रमाणे माझा नंबर दिला, आणि पोरीनं तो गळ्यातल्या ताइतासारखा धरून ठेवला. प्रत्येक केमोच्या आदल्या संध्याकाळी फोन. "ताई, तुम्ही केलंत ना, मग मीपण करेन." मी म्हणायची, "बिल्कुल. मन खंबीर ठेव." केमोनंतर पुन्हा फोन. कशी आहेस विचारलं की, "एकदम फर्स्ट क्लास, ताई." मला तिचं कौतुक वाटायचं. माझ्यासारखीच खमकी आहे म्हणायची मी. तिच्या निम्म्या केमो झाल्या आणि माझा स्कॅन आला. मग मी काय करू? अर्ध्या पुलावर असलेल्या माणसाला सांगायचं की पलीकडे पोचलेली बाई पाण्यात पडली? नाही सांगितलं. तशीच बोलत राहिले, तीच वाक्यं, तोच आवाज. फोन ठेवला की तोंडात आलेले फोड चुरचुरायचे आणि मला वाटायचं, बरं झालं, हेच पाहिजे तुला.

तिची शेवटची केमो श्रावणात झाली. हेमांगीचा लगेच मला फोन, "ताई, या गणपतीत मयुराचा सत्कार करतोय. आणि शाल तुमच्या हस्ते. एका विजेतीकडून दुसऱ्या विजेतीला, कशी आहे आयडिया?"

मी म्हटलं, "मस्त आहे."

आता माझ्या हातांचं सांगते. या गोळ्यांनी तळहात आणि तळपाय लाल होतात, सुजतात, सोलतात. गरम पाणी वर्ज्य, रगडारगड वर्ज्य. आणि आमच्या गणपतीचे उकडीचे मोदक गेली कित्येक वर्षं माझ्या हातचे. वाफाळती उकड मळायची, पारी करायची, चिमटीनं कळ्या घालायच्या. डॉक्टरांनी जे जे नको सांगितलं ते सगळं एका मोदकात होतं. पण गेले नसते तर प्रश्न निघाले असते. म्हणून क्रीम थापून, वर प्लास्टिकचे हातमोजे चढवून मी चतुर्थीच्या सकाळी करोल बागच्या हॉलवर हजर झाले.

मंडळाच्या स्वयंपाकघरात राज्य इंदुमतीकाकूंचं. वय सत्तरीच्या पुढे, आवाज विशीतला. त्यांनी माझे हातमोजे पाहिले आणि म्हणाल्या, "हे काय गं? ऑपरेशन करायचंय का गणपतीचं?"

सगळ्या हसल्या. मीही हसले.

"काढ ते. प्लास्टिकनं कळ्या पडतात होय? तुझ्या मोदकासाठी लोक नोएडाहून येतात."

नाही म्हणायला सबब सुचली नाही. काढले. मान खाली घालून उकडीत हात घातला आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. ओठ दाबून एक पारी केली. दुसरी करताना अंगठ्याजवळची भेग उलली, आणि त्या पांढऱ्याशुभ्र उकडीवर रक्ताचा एक ठिपका उमटला.

काकूंनी तो पाहिला. मग त्यांनी माझा हात मनगटाला धरून उलटा केला. सोललेला, लालभडक, कडेनं काळपट पडलेला तळहात सगळ्यांच्या समोर. कुणीतरी "अगंबाई" म्हणालं.

"काय झालंय हे?"

"ॲलर्जी," मी म्हटलं. "भांड्यांच्या साबणाची."

"साबणानं असं होतं?" काकूंनी हात उजेडाकडे वळवला. "खरूज-बिरूज नाही ना गं?"

एक वाक्य बोलायचं होतं. चार शब्दांचं. मी म्हटलं, "असेल बाई काहीतरी. औषध चालू आहे."

मला खरूज चालत होती. हे आज लिहितानाही माझे कान तापतात. अंगाला रोग आहे, अस्वच्छ आहे, लोकांनी लांब राहावं, हे सगळं मला चालत होतं, पण ती हरली असं कुणी म्हणायला नको होतं.

काकू वाईट नाहीत. त्या शांतपणे म्हणाल्या, "हेमांगी, ती परात बाजूला ठेव. नवी उकड काढा. नैवेद्याचं आहे." मग माझ्याकडे वळून, "तू बस हो जरा. दमली असशील." मला दाराजवळ खुर्ची दिली आणि दुर्वा निवडायला दिल्या. थोड्या वेळानं कुणाच्या तरी लक्षात आलं की दुर्वाही देवालाच वाहायच्या. मग त्याही नेल्या. चहा आला तो सगळ्यांना स्टीलच्या पेल्यात, मला कागदाच्या कपात. मी तो गुमान प्यायले. तोंडातल्या फोडांवरून जाताना आग आग झाली. डोळ्यांत पाणी आलं ते चहामुळेच, असं मी स्वतःला सांगितलं.

संध्याकाळी हॉल भरला. मयुरा आली ती मोरपंखी पैठणी नेसून, डोक्याला त्याच रंगाचा रुमाल बांधून. भुवया पेन्सिलीनं काढलेल्या. बारीक झाली होती. मला पाहून धावत आली आणि वाकून नमस्कार केला. "ताई, झालं एकदाचं! संपलं!" तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला पाहवेना. असंच माझ्याही चेहऱ्यावर असणार सहा वर्षांपूर्वी. मनात आलं, हिला बाजूला घेऊन सांगावं, बाई गं, ही शाल घेऊ नकोस. ही अंगावर पडली की पुन्हा आजारी पडायची सोय उरत नाही. पण तेवढ्यात तिच्यासोबत कुणीतरी सेल्फी काढायला लागलं आणि मी सुटले. सुटले म्हणजे काय, सुटका करून घेतली.

हेमांगीनं माइक हातात घेतला. हेमांगीच्या हाती माइक म्हणजे वासराला मोकळं रान. "कॅन्सरसारख्या शत्रूला चारी मुंड्या चीत करणारी आपली मयुरा! आणि तिचा सत्कार करणार आहेत, ज्यांनी हा शत्रू आधीच लोळवलाय, त्या आपल्या मीनाक्षीताई!"

टाळ्या. मी स्टेजवर गेले. मुलांच्या लेझीमची टोळी विंगेत उभी होती, त्यांची खुळखुळ चालू होती. हेमांगीनं शाल माझ्या हातात दिली. लोकरीची होती, तळहाताला खरखरीत टोचली. मी ती उलगडली आणि मयुराच्या खांद्यांकडे हात नेले.

"थांब, मीनाक्षी!"

पहिल्या रांगेतून इंदुमतीकाकू उठल्या होत्या. पायरीला धरून वर आल्या. त्यांना वाटलं आपण हळू बोलतोय. विशीतला तो आवाज, आणि शेजारी माइक. "तू नको घालूस गं. राग मानू नकोस. तुझ्या हाताला ते झालंय, आणि या पोरीची आत्ताच केमो संपलीय. हिला काही लागलं तर? दे, मी घालते."

अख्ख्या हॉलनं ऐकलं. पुढच्या रांगेतल्यांनी माना उंच करून माझे हात बघायला सुरुवात केली. काकूंचं काय चुकलं? मीच तर त्यांना तसं सांगितलं होतं. मला शाल देऊन खाली उतरता आलं असतं. खरुजेची बाई म्हणून घरी जाता आलं असतं. पण मयुरा माझ्या हातांकडे बघत होती. तिनं केमोच्या डे केअरमध्ये शेजारच्या खुर्च्यांवर असे हात पाहिले असणार. तिच्या कपाळावर आठी पडली, मग ती आठी गेली आणि तिच्या डोळ्यांत काहीतरी हललं. तिला कळत चाललं होतं, आणि मी तिथे उभं राहून तिला ते एकटीनं कळू देत होते.

"काकू, हे लागणारं नाही," मी म्हटलं. "माझा कॅन्सर परत आलाय. हाडात आणि लिव्हरमध्ये. गोळ्यांनी हात असे झालेत."

माइकनं तेही सगळ्यांना सांगितलं. लेझीम थांबली.

मयुरानं माझ्याकडे पाहिलं. लहान मुलीच्या आवाजात तिनं विचारलं, "म्हणजे माझापण येणार का, ताई?"

नाही गं, वेडी आहेस का, तुझं वेगळं आहे, तू तरुण आहेस. सगळी वाक्यं तयार होती. वर्षानुवर्षं वापरून गुळगुळीत झालेली.

"माहीत नाही," मी म्हटलं.

हेमांगीनं प्रसंगावधान राखून "आता बालगोपाळांची लेझीम" असं जाहीर केलं. मुलं नाचत आली, त्या गडबडीत मयुरा पैठणीचा घोळ उचलून बाजूच्या दारानं निघून गेली. शाल माझ्या हातातच राहिली. नंतर हेमांगीनं ती घडी करून पिशवीत ठेवली.

घरी जाताना मेट्रोत हे म्हणाले, "बोललीस ते बरं केलंस." मी खेकसले, "काय बरं केलं? पोरीच्या आयुष्यातल्या चांगल्या दिवसाची माती केली मी. सांगायचं होतं तर आधी सांगायचं, नाहीतर कधीच नाही. स्टेजवर, माइकसमोर?" हे दारावरचा स्टेशनांचा नकाशा वाचायला लागले. मला अजून भांडायचं होतं, पण भांडायला समोर कुणी नव्हतं.

मग फोन सुरू झाले. कुणी गव्हांकुराचा रस सांगितला, कुणी उज्जैनचा वैद्य. इंदुमतीकाकू फोनवर रडल्या. "मी खरूज म्हटलं गं तुला. मी तुला कागदी कपात चहा दिला." मीच त्यांची समजूत घातली, आणि ते करताना जुनी मीनाक्षी पुन्हा अंगात आल्यासारखं वाटून जरा बरंही वाटलं. सगळ्यांचे फोन आले. मयुराचा नाही आला. गणपती गेले, पितृपक्ष लागला, तरी नाही. मला कारण ठाऊक होतं. जिच्याकडे बघून ती चालली तीच मी. आता माझ्याकडे बघितलं की तिला काय दिसणार? मी तिच्या जागी असते तर माझा नंबरच पुसून टाकला असता. मी तिला फोन करायला घ्यायची आणि ठेवून द्यायची. काय बोलणार होते? मन खंबीर ठेव?

या गोळ्यांचं आणखी एक आहे, ते मी अजून बोलले नाही. पोट. कधी बिघडेल त्याचा नेम नाही, आणि बिघडलं की ते तुम्हाला विचारायला थांबत नाही. या गोळ्यांवर घराबाहेर असं अजून झालं नव्हतं, म्हणून मी निर्धास्त होते. पितृपक्षातल्याच एका सकाळी द्वारकेहून मेट्रोनं ऑफिसला निघाले, बसायला जागाही मिळाली. पटेल नगरच्या आसपास पोटात पीळ पडला. मी मनात म्हटलं, राजीव चौकपर्यंत धर. पुढच्याच मिनिटाला कळलं की नाही धरवणार. करोल बागला गर्दी ढकलत उतरले. स्वच्छतागृहाची पाटी दिसत होती. सोललेल्या तळपायांवर धावता येत नाही. मी भरभर चालत होते आणि चालता चालताच झालं.

दाराला कडी घालून मी उभी राहिले. सलवार गेली होती, कुडत्याची मागची बाजू गेली होती. वास माझा मलाच सोसवेना. छप्पन्न वर्षांची बाई, पर्समध्ये केंद्र सरकारचं ओळखपत्र, आणि ही अवस्था. रडू येत नव्हतं. फक्त वाटत होतं, इथून बाहेर पडूच नये, इथेच संपून जावं. यांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. हे बँकेत गेले होते, फोन घरी चार्जिंगला असणार. पुन्हा लावला, पुन्हा तेच. हेमांगीला केला असता तर ती आली असती, पण संध्याकाळपर्यंत अख्ख्या मंडळाला कळलं असतं. राजेंद्र नगर तिथून हाकेच्या अंतरावर. मी मयुराच्या नावावर बोट ठेवलं आणि काढलं. पुन्हा ठेवलं. बाहेरून दार ठोठावलं गेलं, "अंदर कौन है? कितना टाइम लगेगा?"

मी फोन लावला.

"ताई?" तिचा आवाज जपून आला.

"मयुरा, मी करोल बागच्या मेट्रो स्टेशनवर आहे. बायकांच्या टॉयलेटमध्ये." "माझे कपडे खराब झालेत. मला बाहेर येता येत नाहीये."

असलं वाक्य मी आईनंतर कुणाला बोलले नव्हते. मला वाटलं, ही आता फोन ठेवणार.

"कुठल्या गेटच्या बाजूचं?" तिनं विचारलं.

ती आली. आधी तिचा आवाज आला, सफाईवालीला सांगत होती, "दीदी, मेरी बड़ी बहन हैं अंदर, तबियत खराब है, बस पाँच मिनट." मग दारावरून एक पिशवी आत आली. ओले रुमाल, टॉवेल, पाण्याची बाटली, कुडता, सलवार, काळी पिशवी. काहीही विसरली नव्हती. मी स्वतःला पुसलं, जमेल तेवढं. खराब कपडे काळ्या पिशवीत कोंबले. कुडता घातला. तिचा होता, छातीशी तंग होत होता, एका बाजूनं. सलवार चढवली आणि नाडी बांधायला गेले.

बोटांच्या टोकांना कातडीच नव्हती. नाडी रेशमी, गुळगुळीत. गाठ मारायला गेलं की सुटायची, ओढायला गेलं की भेगांतून कळ जायची. मी दातानं धरून बघितलं. नाही.

"झालं का, ताई?"

"हो. नाही." मी एका हातानं सलवार धरून उभी होते. "नाडी बांधता येत नाहीये."

"दार उघडा."

"नको गं. फार घाण आहे आत. थांब, बघते मी."

"ताई, दार उघडा."

मी उघडलं. तिनं डोक्याला रुमाल बांधला नव्हता. केस तांदळाएवढे उगवले होते. ती आत आली, कुडता वर केला आणि माझ्या हातातून नाडीची दोन टोकं घेतली. माझं पोट, त्यावरची वळी, सोललेले हात, सगळं तिच्या समोर. मी भिंतीकडे बघत राहिले.

"मला लिफ्टमध्ये झालं होतं," ती खाली बघतच म्हणाली. "ऑफिसच्या. दुसऱ्या केमोनंतर. माझा मॅनेजर होता आत, अजून दोघं होते. कुणी काही बोललं नाही, सगळे वर नंबरकडे बघत राहिले. मग मी वर्क फ्रॉम होम मागून घेतलं. शार्दूललापण नाही सांगितलं."

"अगं, मग मला फोन करायचास."

"केला होता. त्याच दिवशी." तिनं नाडी ओढून सारखी केली. "तुम्ही विचारलंत, कशी आहेस. मी म्हटलं, फर्स्ट क्लास. तुम्हाला असलं काही झालं नसणार ना. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय, मीच कमी पडतेय. तुम्हाला कसं सांगू?"

बाहेर गाडी आल्याची घोषणा झाली, गर्दीचा आवाज आला आणि गेला. मी तिच्या त्या तांदळाएवढ्या केसांकडे बघत होते.

"मलाही झालं होतं," मी म्हटलं. "मागच्या वेळी. ऑफिसात, खुर्चीवरच."

तिचे हात थांबले. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. डोळे भरून आले होते आणि रागही होता, दोन्ही एकदमच.

"मग सांगायचं ना, ताई," ती म्हणाली.